किनाऱ्याची शासकीय माहिती : वऱ्हाडातून केलेले एक वाचन

अमरावतीच्या माणसाने समुद्रकिनाऱ्यांविषयी लिहावे यात थोडा आगाऊपणा आहे, हे आम्ही आरंभीच कबूल करतो. आमच्या वऱ्हाडाला समुद्र नाही. खारे पाणी मात्र आहे. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून पूर्णेच्या खोऱ्यात जो खारपाणपट्टा पसरलेला आहे, तेथील शेकडो गावांत विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही. पण त्या पाण्याला लाट नाही आणि ओढही नाही. ते आपल्या जागी मुकाट उभे असते. आमच्या पिढीला समुद्र भेटला तो आधी भूगोलाच्या पुस्तकात, नंतर कवितेत, आणि प्रत्यक्षात फार उशिरा, बडनेऱ्याहून रात्रीची गाडी धरून मुंबईस गेल्यावर. राज्याच्या किनारपट्टीची लांबी ७२० किलोमीटर हे आम्ही शाळेत घोकले होते. अलीकडच्या फेरमोजणीत तो आकडा बराच वाढला म्हणतात. परंतु लांबी ठाऊक असणे आणि पाणी ठाऊक असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे कळावयास आम्हांस एक सहल लागली.

डिसेंबर २०१३ मधील ही गोष्ट. आमच्या मराठी विभागाची सहल कोकणात न्यावयाची ठरले. तीसेक विद्यार्थी आणि आम्ही तिघे अध्यापक. किनारा कोणता निवडावा याची चौकशी करण्यासारखे कोणी ओळखीचे तिकडे नव्हते, म्हणून आम्ही संगणकापुढे बसलो आणि एका शासकीय संकेतस्थळावर दापोली तालुक्यातील एका किनाऱ्याचे पान काढले. वाळू रुपेरी आहे, किनारा शांत व स्वच्छ आहे, नारळी-पोफळीच्या बागा आहेत आणि समुद्रस्नानासाठी तो सुरक्षित आहे, अशा आशयाचा मजकूर तेथे होता. खासगी जाहिरातीवर आम्ही विश्वास ठेवला नसता. पण हे सरकारचे पान होते. त्याची छापील प्रत काढून ती आम्ही विभागाच्या सूचनाफलकावर लावली, पालकांच्या संमतिपत्रासोबत जोडली आणि एक घडी करून स्वतःच्या खिशात ठेवली.

दत्तजयंती होऊन तिसरा दिवस होता. दुपारची जेवणे उरकून साडेतीनच्या सुमारास मुले पाण्यात उतरली. किनाऱ्यावर मासळी वाळत घालणाऱ्या एक आजीबाई आमच्याकडे पाहून म्हणाल्या, "सुकती लागली हाय. पोरांना आत जाऊ देऊ नका." आम्ही मराठीचे प्राध्यापक, तरी 'सुकती' हा शब्द आम्हांस समजला नाही. दर्यापूर तालुक्यातील एक विद्यार्थी जवळ उभा होता. त्याच्या गावच्या नावातच दर्या, पण त्याने दर्या त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला होता. तो हसत म्हणाला, "पानी त मांगं चाल्लं जी, सर. आता काहाचं भेव?" पाणी मागे चालले आहे म्हणजे धोका कमी झाला, असा त्याचा हिशेब. खरे सांगायचे तर तोच हिशेब आमचाही होता. नदीचा पूर ओसरू लागला की आपण निर्धास्त होतो; वऱ्हाडातल्या माणसाला पाण्याची तेवढीच ओळख.

पोरगा विहिरीत सूर मारणारा, पट्टीचा पोहणारा. कमरेइतक्या पाण्यात गेला आणि पाहता पाहता पंचवीस-तीस हात आत ओढला गेला. तो किनाऱ्याकडे तोंड करून जीव खाऊन हात मारीत होता आणि तरीही लहान लहान होत चालला होता. आम्ही काठावर ओरडण्यापलीकडे काही केले नाही, कारण काय करावे हे आम्हांस ठाऊकच नव्हते. होडीची डागडुजी करीत बसलेल्या दोन तरुणांनी उडी घेतली. ते सरळ त्याच्याकडे गेले नाहीत. बाजूने गेले, त्याला धरले, आणि आडवे पोहत बऱ्याच अंतरावर त्याला वाळूवर आणले. तो वाचला. पाण्यात धावल्याने आमच्या खिशातला कागद भिजून त्याचा लगदा झाला होता.

परतीच्या प्रवासात आम्ही कोणाशी फारसे बोललो नाही. तीस घरांतून तीस मुले आम्ही एका विशेषणाच्या भरवशावर नेली होती. तो शब्द होता 'सुरक्षित'. आयुष्यभर विद्यार्थ्यांना शब्द पारखून घ्या म्हणून सांगणाऱ्या आम्हांस त्या शब्दाला साधे दोन प्रश्न विचारावेसे वाटले नव्हते : कोणासाठी, आणि केव्हा?

अमरावतीस परतल्यावर ते पान आम्ही पुन्हा काढले आणि एखाद्या पाठाचे करावे तसे त्याचे वाचन केले. त्यात विशेषणे पुष्कळ होती, क्रियापदे फार थोडी. जी होती ती बहुतेक 'आहे' या एका धातूची. सर्व मजकूर नित्य वर्तमानकाळात. किनारा जणू एखादे देऊळ किंवा किल्ला असावा, सदासर्वदा एकाच स्थितीत उभा, अशी त्या लेखकाची समजूत दिसली. वस्तुतः किनारा ही जितकी जागा आहे तितकीच ती वेळही आहे. सकाळी दहाचा किनारा आणि दुपारी चारचा किनारा यांचे नाव एक असले तरी ती दोन भिन्न ठिकाणे असतात. आज्ञार्थी क्रियापद त्या पानावर एकही नव्हते. 'उतरू नका', 'विचारा', 'थांबा' असे काही नाही. आजीबाईंच्या दोन वाक्यांत जे होते, ते त्या अख्ख्या पानावर नव्हते.

त्यानंतर आम्हांस एक छंदच लागला. अकोल्याचे आमचे एक मित्र भूगोलाचे प्राध्यापक. त्यांच्याबरोबर बसून आम्ही किनाऱ्यांविषयीची शासकीय पाने वाचू लागलो आणि ती तपासण्यासाठी पाच प्रश्न ठरवले. आज भरती-ओहोटी केव्हा आहे? या किनाऱ्यावर नेमके कोठे उतरू नये? जीवरक्षक आहे काय, आणि किती वाजेपर्यंत? पाणी अंगावर घेण्याजोगे स्वच्छ आहे काय? आणि विपरीत घडलेच तर कोणाला हाक मारावी? समुद्र न पाहिलेल्या माणसाला या पाचांची उत्तरे त्याच्या भाषेत, एका जागी आणि घरून निघण्यापूर्वी मिळाली, तर ते संकेतस्थळ चांगले, ही आमची कसोटी.

या कसोटीवर जे दिसले ते थोडक्यात सांगतो. उत्तरे सरकारपाशी नाहीत असे नाही. ती निरनिराळ्या खात्यांच्या कपाटांत आहेत. लाटांचे उत्तर हैदराबादला आहे. तेथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र ही संस्था १९९९ साली स्थापन झाली. उंच लाटांचा, उधाणाचा इशारा ती किनारपट्टीनिहाय देते. लाटेची उंची मीटरमध्ये असते आणि काळ तासांमध्ये. पाण्याच्या स्वच्छतेचे उत्तर प्रदूषण नियंत्रण मंडळांच्या कोष्टकांत आहे. स्नानायोग्य सागरी पाण्याच्या १०० मिलिलिटरमध्ये विष्ठाजन्य जिवाणूंची संख्या १०० पर्यंत असावी, असा केंद्रीय मंडळाचा निकष आहे. पण कोष्टकातला आकडा वाचून 'मग मुलांना उतरवू की नको' हे वाचकाने स्वतःच ताडावयाचे. हाकेचे उत्तर पोलिसांकडे आणि तटरक्षक दलाकडे : ११२ हा सर्वसाधारण आपत्कालीन क्रमांक, १०९३ हा सागरी पोलिसांचा, १५५४ हा तटरक्षक दलाचा. आणि सौंदर्याचे उत्तर पर्यटनाच्या पानांवर. ते एकच सर्वत्र सहज सापडते.

जिल्ह्यांच्या संकेतस्थळांचा साचा तर आता बहुतेक सारखाच आहे. पर्यटनस्थळाखाली छायाचित्रे आणि 'कसे पोहोचाल' म्हणून तीन ओळी : विमानाने, रेल्वेने, रस्त्याने. माहिती अचूक असते आणि उपयोगीही. मात्र ती प्रवाशाला वाळूपर्यंत नेऊन सोडते. त्यापुढची पंचवीस पावले, म्हणजे माणूस ज्यासाठी इतक्या लांब आला ती पावले, तिच्या हद्दीबाहेर राहतात.

यात लक्षात घेण्याजोगी एक गोष्ट आहे. हैदराबादची हीच संस्था मच्छीमारांना मासळी कोठे सापडण्याचा संभव आहे याची सूचना देते, आणि ती प्रादेशिक भाषांतून देते. म्हणजे शास्त्रीय माहिती लोकांच्या भाषेत आणता येत नाही, हे खरे नाही. मच्छीमार हा त्या माहितीचा वाचक आहे हे कोणीतरी एकदा मनाशी ठरवले, तेव्हा भाषा सापडली. सहलीला निघालेला वऱ्हाडी मास्तर हाही वाचक आहे, हे अद्याप पुरेसे कोणी ठरवलेले दिसत नाही. कायद्याचे पाठबळ नाही म्हणावे तर तसेही नाही. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा आपल्या चौथ्या कलमात सांगतो की सार्वजनिक प्राधिकरणांनी मागणीची वाट न पाहता माहिती प्रसिद्ध करावी आणि तसे करताना स्थानिक भाषेचा विचार करावा. शासकीय संकेतस्थळे कशी असावीत याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे २००९ पासून आहेत.

बाहेरच्या जगाकडे पाहिले तर युरोपीय संघाने २००६ साली स्नानजलाविषयी जो निर्देश काढला, त्यात पाण्याची प्रतवारी चार साध्या शब्दांत करावयास सांगितली : उत्कृष्ट, चांगले, पुरेसे, निकृष्ट. आकडे प्रयोगशाळेत राहतात; लोकांपुढे शब्द येतो, आणि तोही स्नानाच्या जागेजवळ लावावा लागतो. 'ब्लू फ्लॅग' हे मानांकनही किनाऱ्यावर पाण्याच्या तपासणीचा निकाल आणि नकाशा लावल्याशिवाय मिळत नाही. भारतातील पहिल्या आठ किनाऱ्यांना ते २०२० साली मिळाले, तेव्हा त्या आठांत महाराष्ट्रातील एकही नव्हता. शेजारच्या गोव्यात २००८ पासून संघटित जीवरक्षक सेवा आहे आणि कोठे उतरावे, कोठे नाही हे किनाऱ्यावरची निशाणे सांगतात. लाल निशाणाला भाषांतराची गरज पडत नाही.

आमच्या अकोल्याच्या मित्रांनी एकदा आम्हांस पेचात टाकले. म्हणाले, "अहो सर, तुम्ही संकेतस्थळांना धारेवर धरता ते ठीक. पण तुमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर जे कालनिर्णय लटकते आहे, त्यात भरतीची वेळ आहे, हे तुम्हांला माहीत आहे काय?" आम्ही नाही म्हटले. तेव्हा त्यांनी कोकणातला जुना ढोबळ ठोकताळा सांगितला. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी; येईल तितक्या वाजता भरती पूर्ण होते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास. त्यानंतर सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो, त्याच्या मागोमाग भरतीही सरकते. ठोकताळ्यातली पाऊण म्हणजे त्या पन्नास मिनिटांचीच जवळपासची बेरीज. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, तेव्हा पाणी खूप चढते आणि तितकेच वेगाने उतरते. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा त्याची चढउतार कमी.

मग त्यांनी आमच्या सहलीचा दिवस विचारला. मार्गशीर्ष वद्य द्वितीया. दोनाची पाऊणपट दीड. दीड वाजता भरती पूर्ण झाली होती, आणि साडेतीनला, उधाणाच्या दिवसांत, ओहोटी चांगलीच भरात होती. आम्ही मुले पाण्यात सोडली ती नेमकी त्या घटकेला. वऱ्हाडात तिथी कोणाला ठाऊक नसते? आमच्याकडे चतुर्थी आणि एकादशी लहान पोरही सांगते. तिथी आमच्यापाशी होती. ती पाण्याशी जोडणारे एक वाक्य आमच्यापाशी नव्हते. किनाऱ्याच्या शासकीय पानावर तेवढे एक वाक्य असते तर विशेषणांची सबंध रांग आम्ही माफ केली असती.

या सर्वावर एक रास्त आक्षेप आहे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूड-जंजिऱ्याजवळच्या किनाऱ्यावर पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलीतील डझनाहून अधिक विद्यार्थी बुडाले. ती बातमी वाचताना आमचे हात थरथरत होते, कारण ती आमची बातमी असू शकली असती. पण संकेतस्थळ नीट असते तर ती मुले वाचली असती, असे आम्ही म्हणणार नाही. पाण्याच्या काठी उभ्या असलेल्या पोराला शिट्टी वाजवणारा माणूस थांबवतो, पान थांबवत नाही. हे मान्यच. परंतु ती घटना फेब्रुवारीतली आहे, आणि पावसाळ्यात समुद्रात उतरू नये एवढाच सल्ला ज्यांच्यापाशी असतो, त्यांना फेब्रुवारी निर्धोक वाटतो. शिट्टी वाजवणारा माणूस किनाऱ्यावर हवा. पण सहलीचा दिवस, वेळ आणि जागा दूरच्या गावात, टेबलापाशी बसून ठरते. त्या टेबलावर जे असते ते संकेतस्थळ. आजीबाई तेथे नसतात.

दुसऱ्याच्या पानावर बोट ठेवून झाल्यावर आम्हांस आमच्या पानाकडेही पाहावे लागले. १४ सप्टेंबर २०२१ रोजी आमच्याच जिल्ह्यात, वरूड तालुक्यात झुंज येथे, वर्धा नदीत नाव उलटून नात्यागोत्यातील ११ जण बुडाले. नदी आमची, ठिकाण आमचे. मग आम्ही स्वतःला विचारले : उद्या एखादा कोकणातला अध्यापक आपली मुले घेऊन भर पावसाळ्यात चिखलदऱ्याला यावयाचे म्हणेल, वाटेत एखादा धबधबा किंवा नदीकाठ पाहू म्हणेल, तर त्याला आमच्याविषयी काय वाचावयास मिळेल? हिरवीगार दरी, धुक्याची दुलई आणि 'कसे पोहोचाल'. मेळघाटात वर पाऊस झाला की खाली ऊन असतानाही नाल्याला लोंढा येतो, हे त्याला कोण सांगणार? आम्हांला ते सांगावेसेच वाटत नाही, कारण आम्हांला ते लहानपणापासून ठाऊक आहे. कोकणातल्या लेखकाने सुकतीविषयी लिहिले नाही, त्याचेही कारण तेच असणार. ज्याने ते पान लिहिले तो निष्काळजी होता असे आता आम्हांस वाटत नाही. त्याला समुद्र इतका ठाऊक होता की न ठाऊक असलेला माणूस त्याच्या डोळ्यांपुढे आला नाही.

म्हणूनच आमचा आग्रह आहे की किनाऱ्याचे पान प्रसिद्ध करण्यापूर्वी ते एखाद्या अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या माणसाला वाचावयास द्यावे, आणि चिखलदऱ्याचे पान रत्नागिरीच्या माणसाला. त्याने प्रश्न विचारावेत आणि पानाने त्यांची उत्तरे द्यावीत. तज्ज्ञांची समिती याहून फार निराळे काही करील असे वाटत नाही. मराठीच्या अध्यापकांनाही येथे काम आहे. आम्ही वर्गात वर्णन पुष्कळ शिकवतो, सूचना कशी लिहावी हे क्वचितच शिकवतो. 'सुकती' हा शब्द आमच्या सबंध विभागात कोणास ठाऊक नव्हता, याची जबाबदारी कोणत्याही संकेतस्थळावर टाकता येणार नाही.

त्यानंतर आमच्या निवृत्तीपर्यंत विभागाच्या फलकावर सहलीची सूचना आम्ही स्वतः लिहीत असू. सौंदर्याविषयी त्यात काही नसे. ते मुले पाहतीलच. तिथी, भरतीची वेळ, ओहोटीची वेळ, तीन दूरध्वनी क्रमांक, आणि प्रवाहाने आत ओढले तर किनाऱ्याकडे झगडू नये, किनाऱ्याला समांतर आडवे पोहावे, हे एक वाक्य. ते त्या दोन तरुणांकडून आम्ही शिकलो होतो.

तो दर्यापूरकडचा विद्यार्थी आता अकोला जिल्ह्यात शिक्षक आहे, खारपाणपट्ट्यातल्याच एका गावी. परवा त्याचा फोन आला. शाळेची सहल कोकणात न्यायची आहे, म्हणाला. किनारा कोणता सुंदर, हे त्याने विचारले नाही.

"सर, त्या दिवशी सप्तमी येते. म्हंजे भरती सव्वापाचला न जी?"

"हो. आणि सकाळी साडेअकराच्या सुमारास सुकती पुरी होईल. पण हा ठोकताळा आहे. तिथे गेल्यावर काय करशील?"

"आधी कोनाले तरी इचारीन, सर. मंगच पोरांचे पाय भिजू देईन."